एका डिस्कवर दोन संसार

बँकेच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षं काढली की माणसाची नजर बदलते. समोरचा माणूस सुखात आहे की दुःखात, हे त्याला कळेनासं होतं. पण त्यानं फॉर्मच्या मागच्या बाजूला सही केलेली नाही, हे मात्र दहा फुटांवरून कळतं. मी त्यातलाच एक. दहाच्या नोटांचं बंडल मी तीनदा मोजतो. घराला कुलूप लावून आठ पायऱ्या उतरलो की परत वर जाऊन ते ओढून पाहतो. दुधाच्या पिशव्यांचा हिशेब कॅलेंडरवर मांडतो आणि महिनाअखेरीला त्याची बेरीज एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर करतो. सासुरवाडीला मला 'डबल एंट्री' म्हणतात, ही गोष्ट मला लग्नानंतर सात वर्षांनी, तीही एका बारशाच्या पंगतीत, चुकून समजली.

असा हा मी, परक्यांच्या पै-पैची दोन ठिकाणी नोंद ठेवणारा बी.कॉम. (सेकंड क्लास), स्वतःच्या घरातली चौदा वर्षांची ठेव एकाच डिस्कवर, एकाच प्रतीत, टीव्हीखालच्या खणात ठेवून गाढ झोपत होतो! आज मी भांडायला उभा आहे तो त्या झोपेच्या अनुभवावर. तेव्हा ज्यांना जेवणानंतर सुपारी कातरत काहीतरी गोडगोड वाचायचं असेल, त्यांनी हा लेख ओलांडून पुढच्या लेखावर जावं. माझं भांडण एका रूढीशी आहे. घरात एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणायची आणि तिच्यावर पोराचे गेम आणि घरादाराचा बॅकअप असे दोन संसार थाटायचे, ही ती रूढी.

आमच्याकडे ही डिस्क आली २०२२ च्या दसऱ्याला. त्याआधी महिनाभर मेहुण्यानं नवीन गेमचं यंत्र घेतलं आणि जुनं आमच्या चिरंजीवांना दिलं. मेहुणे लोक वस्तू फुकट देतात ते त्यांच्यापायी आपला खर्च व्हावा म्हणून, हे मी अनुभवानं सांगतो. यंत्राची जागा आठ दिवसांत भरली. इकडे माझा लॅपटॉपही 'जागा नाही, जागा नाही' म्हणून सकाळ-संध्याकाळ रडत होता. तेव्हा बाप-लेक दोघेही सोनं लुटायला म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "काका, कशासाठी पाहिजे?" मी म्हणालो, "बॅकअपसाठी." त्याच क्षणी चिरंजीव म्हणाले, "गेमसाठी." तो मुलगा हसून म्हणाला, "काका, हिच्यात दोन्ही होतं."

वाचकहो, या 'दोन्ही होतं'नं मध्यमवर्गाचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं महागाईनंही केलेलं नाही. सोफा-कम-बेड आठवा. बसायला गेलं तर पाठ टेकत नाही आणि झोपायला गेलं तर मधली फट बरगडीत शिरते. आमच्या घरी अजून तो आहे. पाहुणा आला की त्याच्यावर झोपवतो, म्हणजे पाहुणा दुसऱ्या दिवशी जातो. एवढा गुरू घरात असूनही मी त्या दुकानात पैसे मोजले.

घरी येऊन डिस्क लॅपटॉपला लावली. खोक्यावर लिहिलं होतं १ टीबी, म्हणजे हजार जीबी. पडद्यावर दिसले ९३१. एकोणसत्तरचा फरक! मला वाटलं टीडीएस कापला. मी खोकं घेऊन परत दुकानात निघालो होतो, पण चिरंजीवांनी अडवलं आणि समजावून सांगितलं की डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत. किलोपासून गिगापर्यंत तीन वेळा हा चोवीसाचा फरक पडत गेला की हजाराचे ९३१ होतात. बाइट तेवढेच, माप वेगळं. पूर्वी गावोगावची पायली वेगळी असे, तसंच हे. धान्य तेच, पण सासरच्या पायलीनं कमी भरायचं.

मग मी काय केलं? दसऱ्यापासून आठ रात्री जागून लॅपटॉपवरचं सगळं त्या डिस्कवर नेलं. लग्न, बारसं, मुंज, गणपती, आईच्या हातचा शेवटचा फराळ, सगळं. आणि एकेक फोल्डर गेलं की लॅपटॉपवरून ते पुसत गेलो. जागा करायची होती ना! वर सौ.ला ऐटीत सांगितलं, "बॅकअप घेतला."

इथे माझ्या पहिल्या मुद्द्याला हात घालतो. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. पहिली जागेवर असताना काढलेली. लॅपटॉपवरचं उचलून डिस्कवर ठेवणं हा बॅकअप नव्हे, ती बदली झाली. आमच्या शाखेतला शिपाई बदलून कर्जत शाखेत गेला म्हणून बँकेत शिपाई दोन होत नाहीत. उलट, आमच्याकडचं स्टूल रिकामं होतं. पण निम्म्या महाराष्ट्राला हा फरक माहीत नाही, आणि उरलेल्या निम्म्याला माहीत असून तो पाळायचा कंटाळा आहे. मी दुसऱ्या निम्म्यात होतो.

दिवाळीची सुट्टी लागली. रविवारची दुपार. मी शब्दकोड्यात होतो आणि आडवा सातवा अडला होता. चिरंजीवांनी डिस्क खणातून काढून आपल्या यंत्राला लावली. यंत्र इमानदार होतं, हे मी आधीच सांगून टाकतो. त्यानं स्वच्छ इंग्रजीत विचारलं की मी ही डिस्क माझ्या पद्धतीनं फॉरमॅट करणार, तिच्यावर जे आहे ते सगळं जाणार, चालेल का? पोरगं बारा वर्षांचं. त्यानं पाठीमागे वळून विचारलं, "बाबा, हे फॉरमॅट म्हणतंय. हो म्हणू?"

मी कोड्यातून मान वर न काढता म्हणालो, "हो म्हण."

आमच्या बँकेत एक पद्धत आहे. एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं ती तपासून पास करायची. पहिला मेकर, दुसरा चेकर. स्ट्राँग रूमच्या किल्ल्याही दोघांकडे वाटलेल्या असतात. एकट्याला दार उघडता येत नाही. ही सगळी व्यवस्था माणूस लबाड असतो म्हणून आहे, असा लोकांचा समज आहे. तसं नाही. माणूस शब्दकोडं सोडवत असतो, म्हणून ती आहे. त्या दुपारी माझ्या घरात मेकरनं आपलं काम चोख केलं होतं. त्यानं विचारलं होतं. चेकर झोपला होता. न वाचता सही करणाऱ्या खातेदारांवर मी जन्मभर डाफरत आलो. आणि स्वतःच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा फॉर्म मी 'हो म्हण' म्हणून पास केला.

फोटोंचं एक वेळ सोडा. लग्नाचा अल्बम कागदी होता, तो राहिला. बारशाचे फोटो ह्या-त्या नातेवाइकांच्या फोनमधून गोळा झाले. त्यात आमच्यापेक्षा नातेवाईक जास्त आहेत एवढंच. पण एक व्हिडिओ होता. २०१७ च्या गणपतीतला, अकरा मिनिटांचा. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, नातवाला मांडीवर घेऊन पाढे म्हणताहेत. दोन एके दोनचे नव्हेत, तर जुन्या शाळेतले अपूर्णांकांचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची ती औटकी. मधेच एकदा मला म्हणतात, "अरे, बंद कर ते, बिल येईल." फोनवर शूटिंग केलं की बिल येतं, अशी त्यांची शेवटपर्यंत समजूत होती. २०१९ मध्ये अण्णा गेले. आमच्या घरात औटकी येणारा तो शेवटचा माणूस.

डिस्क घेऊन मी धावलो. डेटा परत काढून देणाऱ्या माणसानं पहिलाच प्रश्न विचारला, "फॉरमॅट झाल्यावर हिच्यावर काही लिहिलंत?" नुसतं फॉरमॅट झालं तर पुष्कळदा फक्त अनुक्रमणिका फाटलेली असते, पानं तिथेच असतात, पण वर नवीन लिहिलं की पानंच जातात. चिरंजीवांनी तोवर तीन गेम उतरवले होते. आजकालचे मोठे गेम शंभर-शंभर जीबीच्या वर जातात. तीन पेहलवान अण्णांच्या अंगावर बसल्यासारखं झालं. हाती काहीच लागलं नाही.

मिळालं ते नाशिकच्या ताईकडून. त्या वर्षी मी तिला तो व्हिडिओ पाठवला होता. पण त्या काळी व्हॉट्सअ‍ॅपवर १६ एमबीच्या वरचा व्हिडिओ जात नसे, म्हणून कापून पाठवला होता. चार मिनिटं. पाऊणकीच्या मध्यावर तो तुटतो.

सौ. काहीच बोलली नाही. चिरंजीव दोन दिवस जेवले नाहीत धड. आणि माझ्या मनात सारखं एकच येत होतं, की मला हे माहीत होतं. मला शिकवलेलं होतं!

मी २००३ साली बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत कोअर बँकिंग यायचं होतं. शाखेचा हिशेब शाखेतल्याच संगणकात असे. रोज संध्याकाळी दिवसाचं काम टॅली झालं की त्याचा टेपवर बॅकअप काढायचा. टेपवर वारांची नावं. सोमवारची टेप सोमवारीच चालायची. मंगळवारी लावली तर साहेब सोमवारचे उपास सोडून ओरडत. आणि एक प्रत दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाखेत नेऊन ठेवायची. हे काम नव्या माणसाचं, म्हणजे माझं. डब्याच्या पिशवीत, लोणच्याच्या बाटलीशेजारी, मी शाखेची सगळी पुंजी घेऊन भर बाजारातून चालत जाई. एकदा पावसात वैतागून मी साहेबांना म्हणालो, "आपल्याच तिजोरीत ठेवली तर काय बिघडतं?" साहेब शांतपणे म्हणाले, "आग लागली तर संगणक आणि टेप एकदमच जळतील. मग ती टेप काढायची कशाला?"

२६ जुलै २००५ ला साहेबांचं म्हणणं पाण्यानं पटवून दिलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे उल्हास नदी कल्याणात शिरली. मामाचं घर तळमजल्यावर. कपाटाच्या खालच्या खणातले तीन पिढ्यांचे अल्बम फुगून त्यांच्या विटा झाल्या. त्यातून आजीचा एकमेव तरुणपणचा फोटो वाचला, कारण त्याची प्रत सोलापूरच्या आत्याकडे होती. सोलापूरला तेव्हा नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं. घरात कुठून शिरणार? दुसरी प्रत दुसऱ्या गावात पाहिजे, हे आत्याला कुठल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या पीटर क्रोघ नावाच्या छायाचित्रकारानं या शहाणपणाला ३-२-१ असं सूत्र दिलं. प्रती तीन, साधनं दोन तऱ्हेची, आणि एक प्रत घराबाहेर. आत्याला सूत्र माहीत नव्हतं. तिला फक्त फोटो हवा होता.

आता गेम आणि बॅकअप यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडतो. जमा-खर्चाच्या दोन बाजू असतात तशा.

गेमला हवा वेग. हार्ड डिस्कच्या पोटात गोल तबकड्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून, केसाच्या जाडीच्या कित्येक हजाराव्या हिश्शाइतक्या उंचीवरून, वाचणारं टोक फिरतं. एवढी कसरत करून ती सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देते. एसएसडीत फिरणारं काही नाही, सगळं चिपमध्ये. बाहेरून जोडायची चांगली एसएसडी सेकंदाला हजार एमबीपर्यंत जाते. पण प्लेस्टेशन ५ ला तेवढ्यानंही समाधान नाही. त्याचे स्वतःचे गेम यूएसबीच्या डिस्कवर नुसते ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. खेळायचे तर यंत्राच्या पोटातल्या खाचेत एम.२ एसएसडी बसवा, आणि तिचा वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी असावा अशी कंपनीची शिफारस आहे. प्लेस्टेशन ४ चे जुने गेम मात्र साध्या यूएसबी डिस्कवरूनही चालतात. ती २५० जीबी ते ८ टीबीच्या दरम्यानची हवी, एवढंच. एक्सबॉक्स सीरीज एक्सचीही तीच तऱ्हा. नव्या गेमला आतली जागा किंवा कंपनीच्या मापाचं एक्स्पान्शन कार्ड. जुन्याला बाहेरची डिस्क चालते. आणि ही यंत्रं डिस्क घेतात ती अख्खी घेतात. 'एक खोली तुम्ही वापरा, एक आम्ही' असा व्यवहार त्यांच्याकडे नाही. पागडी नाही, भाडेकरू नाही. पहिल्या दिवशीच जुनं बिऱ्हाड रस्त्यावर.

पण गेमची डिस्क मेली तर जातं काय? काही नाही! विकत घेतलेला गेम कंपनीच्या कोठारात असतो. एक रात्र डाउनलोडला लावला की सकाळी हजर. आणि पोरानं जिंकलेल्या लढाया? त्या बाहेरच्या डिस्कवर नसतातच. त्यांची नोंद यंत्राच्या पोटात राहते. आमच्या चिरंजीवांनी शोकाच्या तिसऱ्या दिवशी भीत भीत यंत्र चालू केलं, तर त्यांचा सत्तेचाळिसावा मुक्काम जसाच्या तसा होता. म्हणजे बघा. राक्षसाला मारल्याची नोंद सुरक्षित, आणि अण्णांची औटकी गेली. ज्याचं नुकसान भरून येतं त्याची आपण भारीतली भारी सोय करतो, आणि जे गेलं की गेलंच, ते उरल्यासुरल्या जागेत कोंबतो. माझं भांडण आहे ते इथे.

बॅकअपला वेगाशी कर्तव्य नाही. रात्री लावून झोपावं, सकाळी झालेला असतो. त्याला साधी तबकडीवाली डिस्क उत्तम. तेवढ्याच पैशात एसएसडीपेक्षा कितीतरी जास्त जागा मिळते. १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क आणली, तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर, आणि मावायची ५० लाख अक्षरं. आजच्या फोनवरचा एक फोटो जेमतेम बसला असता. तिची ही पणती शर्टाच्या खिशात राहते. कुरकुर कशाला करायची? एक गोष्ट खरी की आजच्या पुष्कळशा स्वस्त पोर्टेबल डिस्कांमध्ये ओळी कोकणातल्या कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलावी लागतात, म्हणून सारखं खोडून लिहिताना ती रेंगाळते. बॅकअपचं छप्पर एकदा शाकारलं की कोण रोज वर चढतंय?

हे सगळं मी मेहुण्याला ऐकवलं. यंत्र त्याचं असल्यामुळे त्याला ऐकणं भाग होतं. तो म्हणाला, "भावजी, एक मोठी एसएसडी घ्या. पडली तरी काही होत नाही." पडण्याच्या बाबतीत त्याचं खरं आहे, तबकडीवाली चालू असताना पडली तर रामनाम. पण एसएसडी माहिती धरते ती विजेच्या भारावर. वापरून झिजलेली एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात पडून राहिली तर तो भार गळू शकतो. रोज धावण्यासाठी घोडा चांगला. पण गाईसारखा दावणीला बांधून ठेवायचा म्हणून कुणी घोडा घेत नाही.

मग म्हणाला, "एकाच डिस्कची दोन पार्टिशनं करा." अरे, गेमचं यंत्र ती भिंत मानत नाही हे सोड, पण घरात मधोमध भिंत घातली म्हणून छपरं दोन होत नाहीत. डिस्क मेली की दोन्ही बिऱ्हाडं एकाच तिरडीवर.

मग शेवटचा हुकमी पत्ता काढला. "क्लाऊड!" मी क्लाऊडच्या विरुद्ध नाही. घराबाहेरची प्रत म्हणून तो चांगलाच. पण फोन आणि क्लाऊड जोडलेले असले की इकडे पुसलं ते तिकडेही पुसलं जातं. तो आरसा झाला, प्रत नव्हे. शिवाय पासवर्ड एकट्या कर्त्या माणसाच्या डोक्यात. खात्याला नॉमिनी लावा, म्हणून मी रोज दहा जणांना हात जोडतो. फोटोंना नॉमिनी कुणी लावलाय? दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या मजकुरासकट काढून टाकता येईल, असा नियम गूगलनं २०२३ मध्ये केला. खातं दोन वर्षं हललं नाही तर आमची बँकही त्याला निष्क्रिय म्हणते, पण पैसे जाळत नाही. दहा वर्षांनी ते रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात आणि तिथूनही वारस ते मागू शकतो. अण्णांच्या पासबुकात ४१२ रुपये होते. ते सरकारनं मला सव्याज दिले. अडीचकीवर दावा कुठल्या खिडकीवर लावायचा?

वॉरंटीचंही तेच. डिस्क वॉरंटीत मेली तर बदलून नवी मिळते. कोरी. लोक ज्याला हानी म्हणतात ती त्या कार्डावर छापलेलीच नसते.

तेव्हा ठराव असा. गेमसाठी जी डिस्क पाहिजे ती पोराला घेऊन द्या. तिच्यावर 'खेळ' असं ठळक लिहा आणि तिची काळजी सोडून द्या. बॅकअपसाठी साध्या, शक्यतो वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, दोन डिस्का घ्या. मूळ जागेवरचं पुसू नका. काम झालं की डिस्क काढून ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायनं जगभरच्या संगणकांतल्या फायलींना टाळं ठोकलं, तेव्हा असा संगणकाला चिकटून राहिलेला बॅकअपही कुलूपबंद होतो हे पुष्कळांना कळलं. दोनातली एक डिस्क दुसऱ्या गावी ठेवा. आणि वर्षातून एकदा तिच्यावरची एखादी फाईल उघडून बघा. आमच्या शाखेत आग विझवायचं लाल नळकांडं आहे, त्याच्यावर आम्ही कॅलेंडर अडकवतो; ते चालतं की नाही हे देवाला ठाऊक.

वर्षातून एकदा म्हणजे कधी? २०११ पासून जगात 'बॅकअप दिन' पाळतात, आणि त्यांनी त्याला कुठली तारीख निवडावी? ३१ मार्च! ज्या दिवशी हिंदुस्थानातला तमाम बँकवाला वर्षअखेरीच्या क्लोजिंगसाठी रात्री उशिरापर्यंत मान मोडून बसलेला असतो! म्हणून मी आमच्या घरचा बॅकअप दिन रक्षाबंधन आणि भाऊबीज असा ठरवलाय. राखीला ताई नाशिकहून येते ती तिच्याकडची डिस्क घेऊन येते आणि आमच्याकडची घेऊन जाते. भाऊबीजेला उलटं. तिच्या डिस्कवर आमचं, आमच्या डिस्कवर तिचं. डबाही असतोच बरोबर. लोणच्याच्या बाटलीशेजारी ती डिस्क बघितली की मला जुनी शाखा आठवते.

त्या डिस्कवर पहिल्या फोल्डरात ती चार मिनिटं आहेत. पुढचे पाढे मी एका जुन्या अंकलिपीतून उतरवून काढले आणि चिरंजीवांनी पाठ केले. पण चाल त्याची नाही. पाऊणकीच्या मध्यानंतर कुठे सूर खाली यायचा, ते आम्हा कुणालाच नक्की आठवत नाही. आम्ही वाद घालतो.

परवा चिरंजीवांनी खोलीतून हाक मारली, "बाबा, हे काहीतरी विचारतंय. हो म्हणू?"

"थांब," मी म्हणालो, आणि चष्मा शोधायला उठलो.